शतरंजच्या पटावरची मस्करी

बुद्धिबळ हा मुकाट्याने खेळायचा खेळ आहे, असा आपला समज असतो. स्पर्धेच्या दालनात पिनड्रॉप शांतता, घड्याळाची टिकटिक आणि कपाळावर आठ्या घालून बसलेले दोन खेळाडू, हे चित्र डोळ्यांसमोर येते. पण हे चित्र बरेच अलीकडचे आहे. ज्या संस्कृतीने या खेळाला पहिले मोठे उस्ताद दिले, पहिले ग्रंथ दिले, त्या बगदादच्या संस्कृतीत शतरंजचा पट हा बोलक्यांचा अड्डा होता. तिथे टोमणे होते, कोट्या होत्या, फुशारक्या होत्या. इतिहासकार मसुदी यांनी दहाव्या शतकात ‘मुरूज अज-जहब’ या ग्रंथात याची खास नोंद केली आहे. इ.स. 947 च्या सुमारास पूर्ण झालेल्या या ग्रंथात राजे, प्रदेश, समुद्र यांच्या वर्णनासोबत खेळाडूंच्या थट्टामस्करीलाही जागा मिळाली, हेच मुळी लक्षात घेण्यासारखे आहे.

मुस्लीम समाज म्हणजे कायम गंभीर, चटकन चिडणारा, विनोदाचे वावडे असलेला, अशी प्रतिमा आज सर्रास रंगवली जाते. आपल्यातलेही काही जण धार्मिकतेचा अर्थ कोरडा चेहरा असाच लावतात. या दोघांनीही शतरंजच्या पटाभोवतीचा इतिहास पाहायला हवा. त्यात भरपूर हसू आहे, आणि त्या हसण्याची हद्द कुठे असावी याचा विचारही आहे. कोण कोणाला हसतो आणि समोरच्याला उलट उत्तर देण्याची मुभा आहे का, हा त्या विचाराचा गाभा आहे.

शब्दांचा प्रवास

हा खेळ भारतातला. संस्कृतातला ‘चतुरंग’ इराणात जाऊन ‘चतरंग’ झाला, अरबीत ‘शतरंज’ झाला आणि मुस्लीम राजवटींबरोबर तो नव्या नावाने पुन्हा भारतात आला. चार अंगांच्या सैन्याचा हा खेळ परत येताना फारसी शब्दांची मोठी शिदोरी घेऊन आला. मराठीत आपण खेळाला ‘बुद्धिबळ’ म्हणतो, पण पटावर बसलो की शह देतो, मात करतो, प्यादे पुढे सरकवतो, वजीर वाचवतो. ‘शह’ म्हणजे फारसीतला शाह. ‘प्यादे’ म्हणजे पायी चालणारा शिपाई. ‘वजीर’ तर थेट दरबारातून उठून पटावर येऊन बसला.

मराठीने या शब्दांत स्वतःची भरही घातली. शहाला दिलेला शह म्हणजे ‘काटशह’. आज वर्तमानपत्रात ‘शह-काटशहाचे राजकारण’ हा मथळा आठवड्यातून एकदा तरी दिसतो आणि वाचणाऱ्याला तो शब्द परका वाटत नाही. फारसी शाह आणि मराठी ‘काट’ यांची ही सोयरीक कोणा भाषापंडिताने जुळवलेली नाही. ती पटावर बसणाऱ्यांच्या तोंडून झाली असणार.

‘मस्करी’ हा शब्दही त्याच वाटेने आला. अरबीत ‘स-ख-र’ हे धातूचे मूळ हसण्याशी, खिल्ली उडवण्याशी जोडलेले आहे. त्यातून ‘मस्खरा’ म्हणजे विदूषक, आणि पुढे आपली मस्करी. कुरआनच्या सूरह हुजुरातमधील 11 व्या आयतीत एका समूहाने दुसऱ्या समूहाची खिल्ली उडवू नये, एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नये अशी ताकीद आहे. तिथले क्रियापद याच मुळातले आहे. अरबीत निखळ विनोदासाठी ‘मिजाह’ हा वेगळा शब्द आहे. पैगंबर मुहम्मद (स.) स्वतः मिजाह करत आणि त्यातही खोटे बोलत नसत, असे हदीसमध्ये येते. म्हणजे हसवणे आणि हिणवणे या दोन गोष्टींसाठी त्या भाषेने दोन वेगळे शब्द राखून ठेवले होते. मराठीने हाच फरक एका म्हणीसारख्या प्रयोगात पकडला: ‘मस्करीची कुस्करी’. शतरंजचा इतिहास वाचताना हा शब्दप्रयोग वारंवार आठवतो.

मोटेवरचे गाणे आणि पटावरचा टोमणा

मसुदी लिहितात की, शतरंज खेळणारे तऱ्हेतऱ्हेच्या कोट्या आणि चुटके वापरतात, समोरच्याला चकित करणारे बोल बोलतात. अनेकांच्या मते यामुळे खेळायला हुरूप येतो आणि डोकेही नीट चालते. पुढे त्यांनी दिलेली तुलना फार सुंदर आहे. लढाईत शत्रूला भिडताना योद्धे जी जोशपूर्ण ‘रजज’ कवने म्हणतात, लांबच्या वाटेवर उंट हाकणारे जी गाणी म्हणतात, विहिरीतून पाणी ओढणारे जे सूर लावतात, त्यांच्या पंक्तीत ही शतरंजची मस्करी बसते. योद्ध्याला जसे रजज, तसे खेळाडूला त्याचे चुटके. ते त्याच्या सामानाचाच भाग आहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मोट हाकताना म्हटलेले गाणे आणि जात्यावरची ओवी यांनी श्रम हलके होतात, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. मसुदींनी बुद्धीच्या श्रमालाही तोच नियम लावला. डोके शिणवणारे काम करणाऱ्यालाही गाणे लागते, आणि शतरंजच्या खेळाडूचे गाणे म्हणजे समोरच्याची थट्टा.

याच मसुदींनी तत्त्वज्ञांचा एक विनोदही नोंदवला आहे. त्या काळात फाशांवर चालणारा ‘नर्द’ हा खेळही लोकप्रिय होता. इस्लामी धर्मचर्चेत तेव्हा मोठा वाद सुरू होता: माणूस आपल्या कर्माचा स्वतंत्र कर्ता आहे, की सारे आधीच ठरलेले आहे? मुअतजिली पंथाचे विचारवंत स्वतंत्र इच्छेच्या बाजूचे, तर जबरी मताचे लोक नियतीच्या बाजूचे. त्यावर एका जाणकाराने म्हटले, शतरंजचा शोध लावणारा मुअतजिली असला पाहिजे आणि नर्दचा शोध लावणारा जबरी. एकात सगळे तुमच्या डोक्यावर, दुसऱ्यात सगळे फाशांवर. ज्या प्रश्नावर एवढा मोठा वाद पेटला होता, त्याच प्रश्नावर खेळाच्या निमित्ताने असे हसताही येत होते.

खलिफाने मागितलेली मोकळीक

अब्बासी खलिफा मामून (कारकीर्द 813-833) यांना शतरंजचे भारी वेड. पण खेळ बेताचाच. साम्राज्याचा एवढा मोठा पसारा सांभाळतो, पण दोन हात लांबी-रुंदीच्या पटावरचे 32 मोहरे काही सांभाळता येत नाहीत, असे ते स्वतःवरच हसत म्हणत, अशी आख्यायिका आहे.

त्यांच्याबद्दलचा दुसरा किस्सा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मामून खेळायला बसले की समोरचे दरबारी अदबीने गप्प बसत. ना टोमणा, ना कोटी, ना ‘आता कुठे जाल हुजूर?’ असा डिवचणारा प्रश्न. मामून वैतागले. दरारा आणि शतरंज एका जागी नांदत नाहीत, तुम्ही आपापसात खेळताना जसे बोलता तसेच माझ्याशी बोला, असे त्यांनी सुनावल्याचे जुन्या अरबी साहित्यात सांगितले जाते.

हे वाक्य खरोखर त्यांचेच की नंतरच्या लेखकांनी त्यांच्या तोंडी घातलेले, याने फार फरक पडत नाही. ते जपून ठेवावे, पुन्हा पुन्हा सांगावे असे त्या समाजाला वाटले, हे पुरेसे आहे. पटावर दोन्ही बाजूंना सोळा-सोळा मोहरे असतात. खलिफाला सतरावा मिळत नाही. त्यामुळे जोवर डाव चालू आहे तोवर दोघे बरोबरीचे, आणि बरोबरी खरी आहे याचा पुरावा म्हणजे समोरचा मोकळेपणाने चेष्टा करू शकतो. बायतुल हिकमाच्या पंडितांशी वादविवाद रंगवणाऱ्या मामूनना हे कळले होते. मात्र ही मोकळीक खलिफाने दिली म्हणून मिळाली, आणि दिलेली मोकळीक काढूनही घेता येते, हेही खरेच.

गुलाबपाणी

याची दुसरी बाजू खलिफा मुक्तफी (902-908) यांच्या दरबारात दिसते. दरबाराचा मान्यवर खेळाडू होता मावर्दी. ‘मावर्द’ म्हणजे गुलाबपाणी. तेव्हा अबू बकर अस-सुली या नव्या खेळाडूचे नाव खलिफाच्या कानावर आले. सुली मूळचे गुरगानच्या तुर्की घराण्यातले, विद्वान, इतिहासकार आणि कवितेचे जाणकार. दोघांचा सामना खलिफासमोर ठरला.

मसुदी सांगतात की, जुन्या लोभापोटी खलिफा उघडपणे मावर्दीची बाजू घेत होते, त्याला प्रोत्साहन देत होते. सुरुवातीला सुली गोंधळले. पण डाव पुढे सरकला तसे ते सावरले आणि त्यांनी मावर्दीचा असा निःसंशय पराभव केला की खलिफालाही तो नाकारता येईना. तेव्हा खलिफा मावर्दीकडे वळून म्हणाले, तुझ्या गुलाबपाण्याचे मूत्र झाले.

दरबार खो-खो हसला असेल. हजार वर्षे हा किस्सा खेळाच्या इतिहासात हशा मिळवत आला आहे. कोटी म्हणून ती चपखलच आहे. पण क्षणभर मावर्दीच्या जागी बसून पाहा. ही कोटी सुलींनी केली असती तर मावर्दी काहीतरी उलट बोलू शकला असता. ती केली खलिफाने, ज्याने घटकाभरापूर्वी त्याचीच पाठ थोपटली होती. मावर्दीने काय उत्तर दिले याची नोंद नाही, आणि असे उत्तर देता येणेही शक्य नव्हते. मामूनचा किस्सा आणि हा किस्सा यांत जेमतेम शंभर वर्षांचे अंतर. एका ठिकाणी सत्ता स्वतःची चेष्टा मागून घेते, दुसऱ्या ठिकाणी सत्ता हरलेल्याची चेष्टा करते. पहिल्यात खेळ आहे, दुसऱ्यात कुस्करी.

सुलींचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. ते खलिफा राजी (934-940) यांचे शिक्षक आणि लाडके सोबती झाले. एकदा बागेत फिरताना राजींनी सोबत्यांना विचारले, याहून सुंदर काही पाहिले आहे का? सगळ्यांनी बागेची तोंड भरून स्तुती केली. खलिफा म्हणाले, सुलींचा शतरंज याहून सुंदर आहे. पण राजींच्या मृत्यूनंतर वारे फिरले. सुलींना बगदाद सोडावे लागले आणि बसऱ्यात हलाखीत त्यांचा अंत झाला. ज्याच्या हाताला बागेपेक्षा सुंदर म्हटले गेले, त्याच्या वाट्यालाही गुलाबपाण्याचेच नशीब आले.

मात्र सुलींनी एक फुशारकी मागे ठेवली. आपल्या एका कूट डावाबद्दल त्यांनी लिहून ठेवले की, हा डाव इतका अवघड आहे की आपण ज्यांना शिकवले त्यांच्याखेरीज जगात कोणालाही तो सुटणार नाही. ‘सुलींचा हिरा’ म्हणून ओळखला जाणारा तो डाव सुमारे हजार वर्षे अभ्यासकांना चिडवत राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियन ग्रँडमास्टर युरी आव्हरबाख यांनी त्याची उकल मांडली. हजार वर्षे टिकलेला असा टोमणा दुसरा सापडणे कठीण.

सुलींच्या सर्वांत प्रसिद्ध शिष्याचे नाव होते अल-लजलाज. या शब्दाचा अर्थ ‘तोतरा’. खरे नाव बाजूला पडले आणि व्यंगाचे टोपणनाव इतिहासात उरले. त्याने ते हसत स्वीकारले की सोसले, कोण सांगणार? इब्न नदीम यांच्या ‘फिहरिस्त’मध्ये शतरंजवरील ग्रंथकारांत त्याचीही गणना आहे. बोलताना अडखळणाऱ्याने चालींचे विवेचन मात्र न अडखळता लिहिले, एवढे उत्तर त्याने नक्कीच दिले.

पटाबाहेर गेलेला टोमणा

पटावरची भाषा राजकारणात शिरली की काय होते, याचे जुने उदाहरण तबरी यांच्या इतिहासात आहे. इ.स. 802 मध्ये बायझंटाईन सम्राज्ञी आयरीन हिला हटवून निकेफोरस गादीवर आला. त्याने खलिफा हारून रशीद यांना पत्र पाठवले. आधीच्या राणीने तुम्हाला रुख म्हणजे हत्तीचे स्थान दिले आणि स्वतः प्यादे होऊन राहिली, असे त्याने लिहिले. दिलेली खंडणी परत करा, अशी मागणी केली. तबरींच्या नोंदीप्रमाणे हारून संतापले. त्याच पत्राच्या पाठीवर त्यांनी कुत्रा म्हणून संबोधत उत्तर लिहिले आणि फौज घेऊन हेराक्लियाकडे निघाले.

ख्रिस्ती सम्राट मुस्लीम खलिफाला शतरंजच्या भाषेत डिवचतो आणि खलिफाला ते बरोबर झोंबते, यावरून हा खेळ तेव्हा दोन्हीकडे किती ओळखीचा होता ते कळते. पण या टोमण्याची किंमत टोमणा मारणाऱ्यांनी चुकवली नाही. सरहद्दीवरच्या गावांनी चुकवली.

जिभेची अट

शतरंज जायज की नाजायज, हा वाद पहिल्या शतकापासूनचा आहे. हजरत अली (रजि.) यांनी शतरंज खेळणाऱ्यांना हटकल्याची एक रिवायत विरोधक पुढे करत. दुसरीकडे ताबिईनपैकी थोर विद्वान सईद इब्न जुबैर पटाकडे पाठ करून, म्हणजे न पाहता शतरंज खेळत, असे शाफई परंपरेत सांगितले जाते. हनफी आणि मालिकी फकिहांचा कल मनाईकडे राहिला. शाफई फकिहांनी तुलनेने सौम्य भूमिका घेतली. कोकणातला मुस्लीम समाज बहुतांशी शाफई आणि देशावरचा हनफी, हे लक्षात घेतले तर हा फरक आपल्या घरातलाच आहे.

शाफई परंपरेत घातलेल्या अटींचा आशय असा: हात पैजेच्या नुकसानीपासून सुरक्षित असावा, नमाज विसरण्यापासून सुरक्षित असावी आणि जीभ वाह्यात बोलण्यापासून सुरक्षित असावी. एवढे सांभाळले तर हा मित्रांमधला विरंगुळा आहे.

जुगार आणि नमाज या दोन अटी आपल्याला अपेक्षितच असतात. तिसरी अट अधिक विचार करायला लावते. खेळाच्या कायद्यात जिभेचे कलम का आले? कारण फकिहांनी पटाभोवतीची माणसे पाहिली होती. हरताना खोट्या शपथा घेणारे, नाना सबबी सांगणारे, आया-बहिणींवर जाणारे. मसुदींना मस्करीतला हुरूप दिसला, फकिहांना तिच्यातला धोका दिसला. दोघेही एकाच पटाकडे पाहत होते आणि दोघांचेही बरोबर होते. आणि या अटीने मस्करीवर बंदी घातली नाही, हेही ध्यानात घ्यावे. विरंगुळा ‘मित्रांमधला’ म्हटले की हसणे त्यात आलेच.

तिरपे चालणारे प्यादे

भारतात आल्यावर शतरंजच्या मस्करीला लोकभाषा मिळाली. अकबराचे सेनापती अब्दुल रहीम खान-ए-खानान यांची हयात दख्खनमध्ये गेली. 1597 मध्ये गोदावरीकाठी त्यांनी दख्खनी सुलतानांच्या फौजांशी लढाई केली, बुऱ्हाणपुरात दीर्घकाळ मुक्काम केला. हेच रहीम ब्रज भाषेतले लाडके कवी. त्यांच्या एका दोह्यात शतरंजचा दृष्टान्त आहे. तो समजण्यासाठी जुना नियम माहीत हवा. तेव्हा आजच्या वजिराच्या जागी ‘फर्जी’ असे आणि तो फक्त तिरपा चालत असे. सरळ चालणारे प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की फर्जी होई. रहीम म्हणतात, क्षुद्र वृत्तीचा माणूस मोठा झाला की त्याला मस्ती चढते. प्याद्याचा फर्जी झाला की ते वाकडे-तिकडे चालू लागते.

दोहा मजेदार आहे, आजच्या पुढाऱ्यांनाही चपखल बसतो. तरी एक प्रश्न राहतो. हे सांगणारे रहीम स्वतः जन्मतः बड्या घरचे, बैरम खानांचे पुत्र. प्यादे वर चढले की त्याची चाल वाकडी दिसते. जे आधीपासून फर्जी आहेत तेही तिरपेच चालतात, त्यावर मात्र कोणी दोहा रचत नाही. सामान्य खेळणाऱ्यांनी याचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले. जुन्या देशी खेळात प्याद्याने केलेली मात विशेष मानाची गणली जाई. मराठीत तिला ‘प्यादेमात’ असा स्वतंत्र शब्दच आहे. वजिराने राजाला मारणे ही नेहमीची गोष्ट, प्याद्याने मारले की खरी मजा.

लखनऊचे दोन दोस्त

मस्करीची कुस्करी कशी होते, हे प्रेमचंदांइतके नेमके कोणी दाखवले नसेल. 1924 साली प्रसिद्ध झालेल्या ‘शतरंज के खिलाडी’ या कथेत वाजिद अली शाह यांच्या काळातले दोन जहागीरदार आहेत, मिर्जा सज्जाद अली आणि मीर रोशन अली. इंग्रज अवध गिळंकृत करत असताना हे दोघे पटावर बसलेले. कथेवर सत्यजित राय यांनी 1977 मध्ये चित्रपट केला. राज्य गेले तरी डाव सुटला नाही, एवढेच आपण सहसा लक्षात ठेवतो.

पण दोघे एकमेकांना मारतात ते राज्यासाठी नाही आणि खरे तर चालीसाठीही नाही. चालीवरून सुरू झालेली कुरबुर खानदानावर जाते. तुमच्या घराण्यात कोणी शतरंज खेळले असते तर कायदे कळले असते, तुमचे पूर्वज गवत कापत होते, अशा अर्थाचे टोमणे निघतात. दुसरा समोरच्याच्या वाडवडिलांना स्वयंपाकी ठरवतो. मग तलवारी बाहेर येतात आणि दोघेही मरतात. बादशहासाठी ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आले नाही, ते गवत कापणारा म्हटल्यावर जीव देतात.

प्रेमचंदांनी इथे आपल्या समाजाच्या नेमक्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवले आहे. गवत कापणे, रांधणे, कापूस पिंजणे, विणणे, मांस विकणे ही कामे शिवी म्हणून वापरली जातात, कारण ती करणाऱ्यांना आपण खालचे मानतो. अश्राफ-अजलाफ भेद इस्लाममध्ये नाही, असे व्यासपीठावरून सांगणारे कितीतरी जण खासगी बैठकीत पिंजारी, खाटीक, बागवान, तांबोळी या नावांवर चुटके सांगतात आणि ‘अरे, गंमत केली’ म्हणून मोकळे होतात. ज्याच्या आडनावावर हशा पिकतो तोही बिचारा हसतो, कारण न हसल्यास त्याला विनोदबुद्धी नाही असे ठरते. सूरह हुजुरातची ताकीद नेमकी इथे लागू पडते.

‘कोणती भाषा बोलतात?’

पंजाबचे मीर सुलतान खान हे अविभाजित भारतातले पहिले जागतिक दर्जाचे खेळाडू. ते देशी पद्धतीचा खेळ शिकलेले. जमीनदार सर उमर हयात खान त्यांना 1929 मध्ये विलायतेला घेऊन गेले. त्यांनी 1929, 1932 आणि 1933 अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली. 1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवले. त्याच परिवारातल्या मिस फातिमा यांनी 1933 मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद मिळवले.

सुलतान खान मितभाषी, इंग्रजी जेमतेम. त्यांच्याबद्दलचा एक किस्सा बुद्धिबळ जगतात आवडीने सांगितला जातो. 1930 च्या हॅम्बर्ग ऑलिम्पियाडमध्ये ऑस्ट्रियाचे हान्स क्मोख त्यांच्याशी खेळताना पुन्हा पुन्हा बरोबरीचा प्रस्ताव ठेवत होते. सुलतान खान नुसतेच हसत. शेवटी क्मोख यांनी ब्रिटिश संघातल्या येट्स यांना विचारले, तुमचा हा खेळाडू बोलतो तरी कोणती भाषा? उत्तर आले: बुद्धिबळ. थोड्याच चालींनी क्मोख यांना डाव सोडावा लागला.

यातले हसू कोणावर आहे? प्रश्न विचारताना ते परक्या, मुक्या माणसावर होते, डाव संपेपर्यंत ते विचारणाऱ्यावर उलटले. बरोबरीच्या पटावरची मस्करी अशी असते.

दुसरा प्रसंग अमेरिकन खेळाडू रूबेन फाइन यांनी लिहून ठेवला आहे. लंडनमध्ये उमर हयात खान यांच्याकडे अमेरिकन संघाला बोलावणे होते. यजमानांनी स्वागतालाच सुनावले की, इथे येणे हा तुमचा सन्मान आहे, एरवी मी फक्त माझ्या शिकारी कुत्र्यांशी बोलतो. आणि ज्यांच्यामुळे हे आमंत्रण मिळाले ते सुलतान खान पाहुण्यांना जेवण वाढत होते. सुलतान खान यांना नोकर किंवा निरक्षर म्हणणे त्यांच्या वंशजांना मान्य नाही, आणि विलायती लेखकांच्या नजरेतला दोष लक्षात घेता त्यांचा आक्षेप गांभीर्यानेच घ्यायला हवा. पण फाइन यांच्या आठवणीत यजमानाचा तो ‘विनोद’ सलत राहिला, एवढे तरी त्यातून दिसते. सुलतान खान 1966 मध्ये वारले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना 2024 मध्ये मरणोत्तर ग्रँडमास्टर किताब दिला.

भोपाळला सुतारकाम करणारे मोहम्मद रफीक खान 1980 च्या माल्टा ऑलिम्पियाडमध्ये वैयक्तिक रौप्यपदक जिंकून आले. रंधा मारणाऱ्या हातांनी मिळवलेली ही प्यादेमात आपल्या किती मुलांना माहीत आहे?

आजचा डाव

क्रांतीनंतरच्या इराणने बुद्धिबळावर बंदी घातली आणि 1988 मध्ये आयातुल्ला खोमेनींनी जुगार नसेल तर खेळण्यास परवानगी दिली. 2016 मध्ये सौदी अरेबियाच्या मुख्य मुफ्तींनी खेळ हराम असल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी रियाधमध्ये जागतिक जलद स्पर्धा भरली. 2025 मध्ये तालिबानने अफगाणिस्तानात बुद्धिबळ स्थगित केले. अशा प्रत्येक बातमीवर जगभर चुटक्यांचा पाऊस पडतो. त्यातले काही चुटके मुस्लीम तरुणच करतात. आपल्याच मुफ्तींवर, आपल्याच सरकारांवर हसतात. मला त्यात काही वावगे वाटत नाही, मामूनच्या पटावरची ती परंपरा आहे. पण त्याच बातमीचा आधार घेऊन ‘यांना डोके वापरायलाच बंदी आहे’ असे जेव्हा शेजारच्या मुलाला ऐकवले जाते, तेव्हा खेळ संपलेला असतो. त्या मुलाने रियाधचा फतवा काढलेला नसतो.

यावर तोंड फुगवून बसणे हा उपाय नाही, आणि चिडून तलवारी उपसणे तर मीर-मिर्जाचा मार्ग झाला. आपल्याकडे याहून चांगली चाल आहे. ज्यांच्या पूर्वजांनी मस्करीला खेळाडूच्या सामानात मोजले आणि त्याच वेळी जिभेवर अटही घातली, त्यांना दोन्ही एकदम जमायला हवे. आपल्याहून बलवान असलेल्याची चेष्टा करण्याचे धाडस, आणि आपल्याहून दुबळ्याची चेष्टा न करण्याचा संयम. मोहल्ल्यातल्या कट्ट्यावर, हॉस्टेलच्या खोलीत, मोबाइलवर डाव टाकून बसलेल्या पोरांनी एकमेकांना खुशाल डिवचावे. ‘तुझा घोडा पाणी प्यायला गेला का?’ असे विचारावे, हरल्यावर सबबी सांगाव्यात आणि त्या सबबींवर पोटभर हसून घ्यावे. फक्त ज्याला हसतो आहोत त्याला काटशह देता येईल एवढी जागा त्याच्यासाठी सोडावी. तेवढी जागा असेल तर पट पुन्हा मांडला जातो आणि हरलेला उद्याही खेळायला येतो.